भट्टी थंड व्हायला अकरा तास

मंगळवार, ८ एप्रिल २०२५. नागोया

साडेचार पानांची पॉलिसी आज एकदाची संपवली. प्रोग्रॅमिंगचा हा कोर्स इंग्रजीतून शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली. पण गुण कसे द्यायचे आणि नक्कल सापडली तर काय करायचं, हे आजवर दुसरंच कुणीतरी ठरवत आलं. यंदा आमचे विभागप्रमुख त्सुचिया-सेन्सेई म्हणाले, "सुलेखा-सान, तुम्हीच लिहा." पुढच्या मार्चमध्ये माझा करार संपतो. तो वाढतो की नाही ते या वर्षावर आहे, असं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आठवड्याच्या असाइनमेंटना चाळीस गुण, चाचणीला वीस, फायनल प्रोजेक्टला चाळीस. दोन प्रोग्राम सत्तर टक्क्यांहून जास्त जुळले, तर मूळ कुणाचा हे तीन गोष्टींवरून ठरवायचं: आधी सबमिट कुणी केला, तोंडी परीक्षेत कुणाला समजावून सांगता येतो, आणि विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं काय. चौथं काही नाही. कुणाच्या मर्जीला, चेहऱ्याला, ओळखीला जागाच ठेवली नाही.

घरी नवऱ्याला, शिरीषला वाचून दाखवली. तो गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्यांत मोठा झालेला माणूस. म्हणाला, "आमच्या इन्स्पेक्शन शीटसारखी झालीय. पार्ट पास, नाहीतर पार्ट फेल." कौतुकच होतं ते.

मंगळवार, २२ एप्रिल

वर्गात चौतीस जण. एकवीस जपानी, बाकीचे इकडचे तिकडचे. एक चक्क जळगावचा निघाला, धीरज. सरकारी स्कॉलरशिपवर आलाय. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं इंग्लिश ऐकूनच कळलं, पुण्याकडच्या आहात." इतक्या दिवसांनी कुणीतरी वर्गात मराठी बोललं. मला हसूच आलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारते तसं विचारलं, प्रोग्रॅमिंग का घेतलंत? खिडकीजवळ निवा नावाची मुलगी बसते. ताजिमीहून रोज ट्रेनने येते एवढं तिने सांगितलं. 'का' याचं उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की मी पुढच्या मुलाकडे वळले. चौतीस जणांत प्रत्येकासाठी थांबता येत नाही.

रविवार, २५ मे

धीरज जेवायला आला होता. इथल्या वांग्यांचं भरीत म्हणजे नुसतं पाणी होतं, तरी दोनदा मागून घेतलं त्याने. जळगावच्या माणसाने घेतलं म्हणजे बरं झालं असणार. शिरीषशी क्रिकेटवर तासभर बोलला. आपला माणूस घरात आला की घराचा आवाजच बदलतो.

लॅबमध्ये त्याची जोडीदार ती ताजिमीची निवा आहे. मी म्हटलं, "बोलते का काही?"

"बोलत नाही मॅडम, पण हुशार आहे. मी दहा ओळी लिहितो तिथे ती तीन लिहिते."

तो गेल्यावर माझी लेक पूर्वी म्हणाली, "आई, तो खूप बोलतो." सोळा वर्षांची आहे. तिला सगळेच खूप बोलतात असं वाटतं.

मंगळवार, १७ जून

प्रोजेक्टचे विषय द्यायची आज शेवटची तारीख. विषय हवा तो घ्या, फक्त खऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल असा असावा, असं सांगितलं होतं. अर्ध्यांनी बजेटचं ॲप काढलंय. धीरजचं अजून ठरत नाहीये.

निवाने कागदावर एक शब्द लिहून दिला, जपानीत, आणि तासानंतर दारापाशी उभी राहिली. हातात रुमालात बांधलेली एक जाड जुनी वही. मी म्हटलं, "काही विचारायचंय?" ती म्हणाली, "दाइजोबू देस," म्हणजे काही नाही, ठीक आहे. मला मीटिंग होती. म्हटलं, मेल कर, इंग्रजीत. तिने मान लववली. मी वळून पाहिलं तेव्हा अजून तिथेच होती.

या लोकांना हवं काय असतं ते सहा वर्षांत मला कळलेलं नाही. तोंडाने सांगतील तर ना.

गुरुवार, १० जुलै

दुपारी बाराला सबमिशन बंद झालं. साडेबाराला जुळणी तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं. चौतिसातल्या बत्तीस फाइली स्वच्छ. उरलेल्या दोन एकमेकींशी शहाऐंशी टक्के जुळतात.

धीरज आणि निवा.

त्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग वेळ पाहिली. धीरजची फाइल काल संध्याकाळी चार दहाला आली, निवाची सात चाळीसला. हायसं वाटलं. ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

धीरजचा प्रोग्राम बेकरीच्या ओव्हनचं वेळापत्रक करतो: कुठला ट्रे कधी आत, कधी बाहेर, पुढचा कधी लावायचा. निवाचाही तोच; फक्त नावं सगळी जपानी. 'कामा' असा शब्द जागोजागी आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला तर कढई, भांडं असं काहीतरी आलं. म्हणजे ओव्हनचं भांडं केलं आणि दिलं पाठवून. इतका उघड प्रकार मी पहिल्यांदाच पाहतेय.

सोमवार, १४ जुलै

दोघांचीही तोंडी परीक्षा झाली. नियमाप्रमाणे दार उघडं ठेवलं, रेकॉर्डिंग केलं, दोघांना तेच दहा प्रश्न.

धीरज छान बोलला. प्रत्येक फंक्शन काय करतं ते फळ्यावर काढून दाखवलं. मी एकदाच अडवलं. "ओव्हन थंड व्हायला अकरा तास का धरलेस?" क्षणभर थांबला आणि म्हणाला, "इंडस्ट्रियल ओव्हन असतो ना मॅडम, मोठा." बरोबरच आहे. घरातला ओव्हन नव्हे तो.

निवा आत आली, बसली, आणि बर्फ झाली. पहिल्या प्रश्नाला मी घड्याळ लावून चाळीस सेकंद थांबले. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, मिटलं. दुसऱ्यालाही तेच. शेवटी मी सरळ विचारलं, "हा तू लिहिलास?" ती "येस" म्हणाली. "मग दोन्ही सारखे कसे?" तिने मान खाली घातली. "इट इज माय फॉल्ट. आय ॲम सॉरी." असं दोनदा म्हणाली.

शब्दशः लिहून घेतलं. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला आहेत. मला काही ठरवावंसुद्धा लागलं नाही, पॉलिसीनेच ठरवलं.

बुधवार, १६ जुलै

निवाची मेल आलीय. जपानीत, दोन पानं. पहिल्या चार ओळी ॲपमध्ये टाकल्या, नुसत्या माफ्या. कोर्सची भाषा इंग्रजी आहे, कृपया इंग्रजीत लिहावे, हे ठरलेलं उत्तर पाठवलं. एकासाठी नियम मोडला की सगळ्यांसाठी मोडावा लागतो.

जेवताना नाव न घेता सांगितलं, की एका मुलीने कबूल केलं. पूर्वी म्हणाली, "काय म्हणाली नक्की?"

"माझी चूक आहे, सॉरी."

"आई, इथे सगळे सॉरी म्हणतात. माझ्या पायावर कुणी पाय दिला तरी मीच सॉरी म्हणते. त्याचा मीनिंग 'आय डिड इट' नसतो."

"तुझ्या पायाची गोष्ट वेगळी," मी म्हटलं. "ही विद्यापीठातली तोंडी परीक्षा आहे." तिने खांदे उडवले आणि काहीतरी जपानीत पुटपुटली. मी विचारलं नाही.

शुक्रवार, २५ जुलै

समितीची बैठक बारा मिनिटांत संपली. माझा अहवाल सहा पानी, सगळे पुरावे क्रमवार. फायनल प्रोजेक्टमधली नक्कल ही इथे परीक्षेतल्या कॉपीइतकीच गंभीर धरतात. निवाचे या सत्रातले सगळ्या विषयांचे क्रेडिट रद्द. फक्त माझ्या नव्हे, सगळ्या. मला वाटलं होतं माझ्या कोर्सपुरतं शून्य होईल. पण तो विद्यापीठाचा नियम आहे, माझा नाही.

तिला आत बोलावून विचारलं, काही सांगायचं आहे का. तिने कमरेत वाकून "मोशिवाके गोझाइमासेन", म्हणजे माफी मागायलाही तोंड नाही, असं म्हटलं आणि बराच वेळ वरच झाली नाही. समितीतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी जपानीत तिला हळू आवाजात काहीतरी विचारलं. तिने मान खाली ठेवूनच थोडक्यात उत्तर दिलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कदाचित माझा अहवाल लांबलचक वाटला असेल.

बाहेर आल्यावर त्सुचिया-सेन्सेई म्हणाले, "फार स्पष्ट काम. इतर विभागांनाही पॉलिसी दाखवू या." घरी येताना श्रीखंड करायला दही घेतलं.

सोमवार, ४ ऑगस्ट

सूचनाफलकावर कागद लागलाय. अभियांत्रिकी, दुसरं वर्ष, एक विद्यार्थी, सत्राचे सर्व क्रेडिट रद्द. नाव नसतं. पण तिथे उभी असलेली मुलं एकमेकांशी जे बोलत होती त्यात नाव होतं.

धीरजला टोकियोत, कोतोमधल्या एका कंपनीत महिनाभराची इंटर्नशिप मिळतेय. माझं शिफारसपत्र हवं होतं. 'स्वतंत्र बुद्धीने काम करतो' असं लिहून दिलं. पत्र घेताना त्याने खाली पाहिलं. म्हणाला, "थँक यू मॅडम. खरंच." मागच्या दोन रविवारी जेवायला आला नाही. अभ्यास असेल.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

पुढच्या सत्रासाठी लॅबचा सर्व्हर रिकामा करत होते. प्रत्येकाचं एक फोल्डर असतं, लॅबमध्ये मुलं जे काही लिहितात ते तिथे आपोआप साठतं. रिकामं करायचं म्हणजे डोळे मिटून पुसून टाकायचं. दर वर्षी तेच करते. निवाच्या फोल्डरवर हात थांबला. का थांबला, माहीत नाही.

आत चौदा फाइली. कामा १, कामा २ असं करत कामा १४. पहिलीवर तारीख तीन जून. शेवटचीवर नऊ जुलै. पहिलीत जेमतेम वीस ओळी, आणि त्या चालतसुद्धा नाहीत. पाचवीत तारखा वाचायला जमलंय. नवव्यात एक चूक आहे जी दहाव्यात दुरुस्त केलीय. एखादं मूल चालायला शिकताना पाहावं तसं दिसत होतं.

धीरजचं फोल्डर उघडलं. पहिली फाइल सात जुलैची, आणि ती पहिल्याच दिवशी पूर्ण. मग दोन दिवस त्याने फक्त नावं बदललीत.

निवाच्या फोल्डरमध्ये फोटोही होते, एका वहीच्या पानांचे. हाताने आखलेले रकाने, तारखा, अंश सेल्सिअस: आठशे, हजार, बाराशे चाळीस. शेवटच्या रकान्यात सगळीकडे अकरा, अकरा, साडेदहा, अकरा.

बाराशे चाळीस अंशांवर पाव भाजत नाहीत.

'कामा' ऑफिसातल्या मुलीला विचारलं. तिने बोटाने हवेत अक्षर काढलं. उच्चार तोच, पण अक्षरं दोन. एक म्हणजे भात शिजवायचं भांडं. दुसरं म्हणजे भट्टी, मातीच्या वस्तू भाजायची. ताजिमी हे टाइल्सचं गाव आहे, हे मला सोडून नागोयात सगळ्यांना माहीत असावं.

हे फोल्डर जुलैतही इथेच होतं. माझ्या टेबलापासून चार क्लिकवर. पण माझ्या पॉलिसीत तीन गोष्टी होत्या, आणि चौथं काही नव्हतं.

बुधवार, १० सप्टेंबर

पूर्वी शाळेतून आल्यावर तिच्यापुढे निवाची ती जुलैतली मेल ठेवली. म्हटलं, वाच, आणि मला मराठीत सांग, काही गाळू नकोस. ती पहिल्यांदा मनातल्या मनात वाचत गेली. मग म्हणाली, "आई, तू ही तेव्हा वाचली नव्हतीस?"

"सांग तू."

तिने हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. "आधी माफी आहे. मग लिहिलंय, एका क्लासमेटला तारखा कशा वाचायच्या ते कळत नव्हतं म्हणून तिने स्वतःची फाइल पाठवली. ती पाठवायला नको होती, ही तिची चूक. क्लासमेटचं नाव नाही लिहिलेलं. मग... तिचे आजोबा टाइल्स बनवतात. भट्टी कधी लावायची हे फक्त त्यांना कळतं, आणि त्यांना आता कमी दिसतं. चाळीस वर्षांच्या नोंदींची वही आहे, त्यातून तिने सगळं घेतलं. व्हायवात इंग्लिश आठवलं नाही त्याचं तिला वाईट वाटतं. सेन्सेईंना, म्हणजे तुला, चालणार असेल तर ती वही घेऊन येईल. जूनमध्ये एकदा आणली होती, पण तुम्ही कामात होतात."

पूर्वीने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "तू काय रिप्लाय केलास?"

माझं उत्तर मेलच्या खालीच होतं. तिने वाचलं. मोबाइल उलटा करून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

धीरज टोकियोहून परतलाय. त्याला ऑफिसात बोलावलं आणि दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडून ठेवले. त्याने पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला, जणू बरेच दिवस उभाच होता.

"तिने मला तारखांसाठी दिली होती मॅडम. खरंच तेवढ्यासाठीच घेतली. पण सात तारीख झाली, माझं काहीच नव्हतं. स्कॉलरशिपला ग्रेड लागते. वाटलं, ती जपानीत लिहिते, कुणाला कळणार आहे."

"आणि आधी सबमिट केलीस."

"पॉलिसीत लिहिलं होतं ना, आधी कुणी दिली ते बघणार." तो खाली पाहत होता. "आणि समजावून सांगता आलं पाहिजे असं होतं. मी दोन रात्री बसून एकेक ओळ शिकलो. तुम्ही विचारलं ते सगळं मला खरंच येत होतं."

"निवाचं काय झालं ते तुला माहीत होतं."

"हो."

"मग शिफारसपत्र न्यायला आला होतास, फोन होता. बोलला का नाहीस?"

मग म्हणाला, "अकरा तासांचं विचारलंत तेव्हा मला वाटलं, संपलं. वाटलं, बरं झालं. आणि तुम्ही मान डोलावली."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण तो 'मान डोलावली' म्हणाला तेव्हा मी कुठे पाहत होते, ते मला आठवलं. मी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचत होते. जळगावच्या ऐवजी तो दुसऱ्या कुठल्या गावचा असता, तर मी पावाचा ओव्हन थंड व्हायला अकरा तास लागू दिले असते का? लिहायला बसले की मन 'लागू दिले असते' म्हणतं. मी त्या मनावर विश्वास ठेवत नाही.

त्याला म्हटलं, मी मंगळवारी समितीकडे जाणार. त्याआधी तू स्वतः गेलास तर बरं. सोमवारी इथे सुट्टी आहे, तेव्हा जमलं नाही तरी चालेल, असं सांगून त्याला सांभाळून घेणार होते. पण आता सांभाळून घेणं बंद.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सकाळी नऊला मी गेले तेव्हा धीरज समितीच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलेला होता. आत मी आधी गेले. पहिलंच वाक्य जपानीत पाठ करून ठेवलं होतं: "जुलैचा निकाल चुकीचा होता आणि चूक माझी आहे." या देशात सहा वर्षांत मी माफी मागायला शिकले होते, पण तिच्या पुढे सबब जोडायची नसते हे आज कळलं.

त्सुचिया-सेन्सेई खिडकीबाहेर पाहत होते. ते वयस्क प्राध्यापक म्हणाले, आणि या वेळी माझ्यासाठी हळू म्हणाले, "त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, खरंच हे सगळं तुझं चुकलंय का? ती म्हणाली, सेन्सेईंना त्रास झाला हे तर खरंच आहे."

निकाल फिरवता येतो म्हणाले. दोन आठवडे लागतील.

मंगळवार, ३० सप्टेंबर

निवाचे सगळे क्रेडिट परत आले. धीरजचे गेले, स्कॉलरशिप थांबलीय, बहुधा घरी जाईल. मी माझं शिफारसपत्र मागे घेतलं. माझा करार मार्चपर्यंतच. त्सुचिया-सेन्सेईंनी हे इतक्या नम्रपणे सांगितलं की अर्धं वाक्य झाल्यावर मला कळलं.

निकालाचं पत्र निवाला द्यायचं म्हणून ऑफिसात गेले. तिथली मुलगी रजिस्टर बघत म्हणाली, "निवा-सान? त्यांनी सोळा तारखेला कॉलेज सोडल्याचा अर्ज दिलाय. मंजूर झाला."

सोळा तारखेला. म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर माझं पाठ केलेलं वाक्य म्हणत होते, तेव्हा किंवा त्याच्या आसपास ती तळमजल्यावर होती. मी म्हटलं, अर्ज रद्द करता येईल का? "त्यांनी मागितलं तर," ती म्हणाली.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आठवड्याभरात निवाला तीन मेल लिहिल्या, जपानीत, पूर्वीला विचारून विचारून. तिसऱ्या मेलला उत्तर आलं: शनिवारी दुपारी घरी असेन.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शिरीष म्हणाला येतो, पण एकटीच गेले. च्युओ लाइनने चाळीस मिनिटं. घरामागेच कारखाना, पत्र्याचं छप्पर, फळ्यांवर वाळत ठेवलेल्या ओळीच्या ओळी टाइल्स. निवा ॲप्रनमध्ये होती. कोपरापर्यंत पांढरी माती. तिने हात धुतले, मला बसायला गादी दिली, जवाचा थंड चहा आणला. आजोबा आत येऊन वाकले आणि मी आले याबद्दल माझेच आभार मानून पुन्हा कामाला गेले.

मी पत्र दिलं. माझं वाक्य म्हटलं. तिने पत्र दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, घडी घालून बाजूला ठेवलं. म्हणाली, "तुम्हाला फार त्रास झाला."

"परत ये," मी म्हटलं. "अर्ज मागे घेता येतो. मी चौकशी केलीय."

इंग्रजीत गोठून गेलेली ती मुलगी जपानीत अजिबात अडखळत नव्हती. मलाच थांबून थांबून ऐकावं लागत होतं. "आजोबांना मदत हवी आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि फलकावरचा कागद सगळ्यांनी वाचला. दुसरा कागद लागला का?"

लागला नव्हता. क्रेडिट परत दिल्याचा कागद लावायचा असा नियमच नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "सो देस का." असं आहे होय. त्यात राग नव्हता. असता तर त्याला धरून मी काहीतरी बोलले असते.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "सेन्सेई, एक विचारू? प्रोग्राम कसा होता?"

तिने मला चाळीस सेकंद तरी दिले असतील. शहाऐंशी टक्के मला माहीत होते. सात चाळीस माहीत होतं. चौदा फाइलींच्या तारखा पाठ होत्या. पण तिने केलेलं काम चांगलं होतं की नव्हतं, हे पाहायला मी तो एकदाही वाचलेला नव्हता, निकाल फिरल्यावरसुद्धा नाही. तिला क्रेडिट मिळाले तेही समितीच्या ठरावाने. माझ्या रकान्यात अजून 'सुधारित: उत्तीर्ण' एवढंच आहे.

"मी वाचला नाही," मी म्हटलं. "जुळवून पाहिला फक्त."

तिने मान लववली. ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की मी तिला वाचते असंही म्हणाले नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी आंघोळ करून बसले आणि कामा १४ छापून काढला. अकरा पानं. पेन्सिल घेऊन वाचला, पुण्यात असताना वाचायचे तसा, एकेक ओळ, प्रोग्राम काय म्हणतोय ते ऐकत. दुपारचं जेवण शिरीषने केलं.

चांगला आहे. दोन ठिकाणी तर मला सुचलं नसतं इतकं साधं केलंय. थंडीत भट्टी लवकर निवते, उन्हाळ्यात उशिरा. तिने चाळीस वर्षांच्या नोंदींतून महिन्यागणिक सरासरी काढलीय. धीरजने तो भाग काढून टाकून सरसकट अकरा धरले होते. दोघांच्या प्रोग्राममध्ये न जुळणारे चौदा टक्के होते, ते हे.

एक चूक आहे. एकतीस तारखेला लावलेली भट्टी पुढच्या महिन्यात जात नाही, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला जाते. चार गुण कापले. नावं फार आखूड, दोन गुण. चाळीसपैकी चौतीस. कारणांसकट सगळं जपानीत लिहिलं, या वेळी पूर्वीला न दाखवता, आणि पाठवलं. चुका असतील. असू देत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

उत्तर आलं. चार ओळी, इंग्रजीत. एकतीस तारखेची चूक आजोबांनी जूनमध्येच पकडली होती, सुधारायची राहून गेली, काल सुधारली. चौतीस गुण योग्य आहेत. वाचल्याबद्दल आभार.

आमची मुलं मेलखाली नाव लिहून पुढे विद्यार्थी क्रमांक घालतात. तशी पद्धतच आहे इथे. तिने फक्त नाव लिहिलं होतं.